कूस बदलायची परवानगी

छबू,

माणूस गेलं की लोक म्हणतात, अजून खरंच वाटत नाही. परवा तुझ्या फोटोसमोर उभं राहून किती जण हेच म्हणाले. मला मात्र खरं वाटतं. तू एकदम गेली नाहीस. माकडहाडापाशी पडलेल्या एका लहानशा लाल डागापासून तू जायला लागलीस, आणि मी दाराबाहेर उभा राहून ते बघत होतो. इतक्या सावकाश गेलेलं माणूस गेलं, हे खरं का वाटू नये?

आपल्या मिलिंदची इच्छा, मी तुझ्याबद्दल काहीतरी लिहावं. "आईच्या आठवणी लिहा अण्णा, आपण छापून घेऊ," म्हणाला. म्हणून बसलो. पण लिहायला घेतलं की आधी राग येतो, आठवण मागाहून येते. आणि खरं सांगू? पहिला राग तुझाच येतो.

वृद्धाश्रमात जायचं तू ठरवलंस. मी न्हाय.

अणदूरच्या घरात आपलं काय बिघडलं होतं? वायरमनच्या नोकरीत बांधलेल्या दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, शेडच्या कडेला तू लावलेला कढीपत्ता. मिलिंद पुण्याला न्यायला तयार होता, पण तिथं पाचव्या मजल्यावर तुझा जीव घुसमटायचा. आणि इथं राहायचं म्हटलं तर तू म्हणायचीस, "आवो, आपल्या दोघांतलं एक पडलं तर दुसऱ्यानं काय करायचं? तिथं मान्सं हायेत. पाणी द्यायला कुणी तरी असंल."

"मी हाय की," मी म्हणालो.

तू हसलीस. "तुमी? खांबावरून उतरल्यापासून तुमाला सोताची चप्पल सापडंना."

तुझं असंच होतं. तू तेरखेड्याची. घरोघर फटाक्यांचं काम चालायचं त्या गावात वाढलीस आणि पेट घ्यायच्या आधी बाजूला व्हायचं, हे अंगात भिनवून घेऊनच माझ्या घरी आलीस. सगळ्याचा विचार आधी. खोकला लागायच्या आत माझी बिडी सोडवलीस. पोरगं चालायला लागायच्या आत आडावर झाकण बसवून घेतलंस. तसाच म्हातारपणाचाही विचार केलास. नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून असलेला तो आश्रम तू स्वतः जाऊन बघून आलीस. नवराबायकोला वेगळी खोली होती, खिडकीबाहेर कडुलिंब होता, जेवणात भाकरी होती. तुला तेवढं पुरलं.

सुरुवातीचा काळ बरा गेला, हे मी मान्य करतो. तू असतीस तर माझ्याकडून मान्य करून घेतलंच असतंस. संध्याकाळी फाटकापाशी बसून जाणाऱ्या ट्रकात काय भरलंय यावर आपण पैज लावायचो. ताडपत्री कसलीही असो, तू दर वेळी कांदाच म्हणायचीस. एकदा एका ड्रायव्हरला थांबवून विचारलंस. कांदाच निघाला. त्यानंतर आठवडाभर तू माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होतीस, ती नजर मला आता हवी आहे.

मग तू न्हाणीत घसरलीस.

खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं आणि ते नीट झालं, त्यात काही खोट नव्हती. निघायच्या आधी तिथल्या सिस्टरनं मला तुझ्या कॉटपाशी बोलावलं आणि तुला कुशीवर कसं वळवायचं ते माझ्या हातानं करून घेतलं. ओढायचं नाही, उचलून सरकवायचं. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. "दर दोन तासांनी कूस बदला काका. एका जागी पडून राहिल्या तर पाठीला जखम होईल, आणि ती लवकर भरत नाही."

तू लाजून अर्धी झालीस. "लोकं बघालेत."

"बघू दे," मी म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दवाखान्यातल्या एवढ्या लोकांदेखत तुला मी पहिल्यांदाच असं कवेत धरलं होतं. तुझ्या पाठीखाली हात घालताना मला वाटलं, जमेल. एवढंच असेल तर मला जमेल.

आश्रमात परत आलो तर आपल्या खोलीतून तुझी कॉट गेलेली. व्यवस्थापक साहेब म्हणाले, "अंथरुणावरच्या स्त्रिया महिला विभागात राहतात, काका. तिथं मावश्या असतात. देखभाल चांगली होते."

"आणि मी?"

"तुम्ही सकाळी भेटा, संध्याकाळी भेटा. मधल्या वेळात पुरुषांना तिकडं परवानगी नाही. इतर स्त्रियांची अडचण होते."

सिस्टरनं शिकवलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. उशी कुठं, हात कुठं. ते हसले. ते कधी आवाज चढवत नाहीत, तुला माहीत आहे. "ते सगळं आमच्या लोकांना माहीत आहे. तुम्ही आराम करा."

तुम्ही आराम करा! चालू लाइनचा झटका मी खाल्लेला आहे छबू, खांबावरून खाली आलेलो आहे. त्या झटक्यानं निदान माणूस ओरडतो. या वाक्यावर ओरडताही येत नाही.

महिला विभागातल्या लता मावशीला बोल लावायचा नाही, हे तू मला बजावून ठेवलं होतंस. मी लावत नाही. साऱ्या हॉलचं न्हाणं, संडास, कपडे, भरवणं तिच्या एकटीच्या अंगावर. दुसरी मावशी होती ती अर्धा वेळ स्वयंपाकात. कुणाची कूस केव्हा बदलायची होती तिनं? पण मी मोकळाच होतो ना. त्याच इमारतीत, दोन भिंती पलीकडं, रिकाम्या हातांनी कॉटवर बसून होतो. आराम करत होतो.

एका सकाळी तू म्हणालीस, "माकडहाडापाशी आग होतिया."

"बघू."

"येडे हाव का? इतक्या बाया हायेत हितं."

मी लता मावशीला सांगितलं. तिनं बघून सांगितलं, लाल झालंय, आणि पावडर लावली. मग कातडं सोललं. मग औषधात बुडवलेला कापूस ठेवायला लागले. तो आत वाळून चिकटायचा आणि काढताना ओलं मांस घेऊन बाहेर यायचा. त्या वेळी तू चादरीचं टोक दातात धरायचीस, हे मला शेजारच्या कॉटवरच्या शांताबाईंनी सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस. मी आलो की तू विचारायचीस, "जेवलाव का?"

आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे. त्यांनी चादर उचलली, बघितलं, "या वयात होतं असं," म्हणाले आणि पुढच्या कॉटकडं गेले. वयानं होत असेल तर मला का झालं नाही? मी तर तुझ्याहून मोठा. मला झालं नाही, कारण मी माझ्या पायानं उठत होतो आणि झोपेत माझा मी कूस बदलत होतो. एवढाच काय तो फरक होता आपल्यात.

जखम भरायला अंगात ताकद पाहिजे म्हणून मी बाहेरच्या ढाब्यावरून उकडलेली अंडी आणायला लागलो. ती फाटकावर अडवली. आश्रमात अंडं चालत नाही. "संस्थेचे काही नियम असतात, काका." हसूनच.

पुढं वास यायला लागला. हॉलमध्ये उदबत्त्या लागायला लागल्या. मी आत आलो की तू आधी माझं तोंड न्याहाळायचीस.

"येतोय का?"

"न्हाय."

"खोटं कशाला बोलता? मलाच येतोय की."

त्याच दिवसांत तू ताट परत पाठवायला लागलीस. तुझ्यामुळं दुसऱ्यांना जेवण जाईना, असं तुला वाटायचं. लहानपणी कुणाच्या दारात लांब उभं राहून पाणी प्यायलेली माणसं आपण. ते सगळं मागं टाकून आलो म्हणून किती ताठ चालायचीस तू. आणि आता स्वतःच्या कॉटवर स्वतःच अंग चोरून पडली होतीस. ह्याचा राग कुणावर काढू? मला अजून नीट सापडलेलं नाही.

मी रोज म्हणायचो, घरी जाऊ.

"घरी कोण उचलंल मला? तुमच्या कमरंत दम हाय का?"

"हाय."

"मग परवा बादली कुणाकडनं उचलून घेतली?"

ही बातमीही तुझ्यापर्यंत पोचली होती! मी चिडलो. म्हणालो, "मग साहेबाशी भांडतो. आजच भांडतो." तर तू माझं मनगट धरलंस. तुझ्या हातात तेवढा जोर शिल्लक आहे हे मला माहीत नव्हतं.

"भांडू नका. ह्यांनी काढलं तर कुठं जायाचं? आन् तुमी भांडून खोलीत जाताव. मी हितंच ऱ्हाते, त्यांच्याच हातात."

मी परत तुझ्या कॉटपाशी बसलो. तिकडं मिलिंद फोनवर हेच म्हणत होता, "अण्णा, त्यांचं ऐका, वाद नको." तुम्ही दोघांनी मिळून मला गप्प केलंत. तू भीतीनं केलंस, त्यानं सोयीनं केलं. फरक आहे, मला कळतो. जखमेला कळला नाही.

मग तो दिवस. दुपारची वेळ, भेटायला अजून अवकाश होता. मी महिला विभागाच्या दारापाशी गेलो तर आतून तुझं कण्हणं ऐकू आलं. लता मावशी धुणं घेऊन मागं गेली होती. तू उताणी होतीस, बरोबर जखमेवर. मी उंबऱ्यावर थांबलो.

शांताबाईंनी मला बघितलं. चिवरीकडच्या शेतकरी घरातल्या बाई, दोन्ही गुडघे आखडलेले, कॉटवर बसून दिवसभर वाती वळायच्या. "दारात काय उभं राहिलाव भाऊ? या की आत."

"परवानगी न्हाय. तुमची अडचण होतिया म्हणत्यात."

"आमची?" शांताबाईंचे हात थांबले. "आमाला इचारलं कुणी?"

आणि त्यांनी तिथूनच साऱ्या हॉलला विचारलं. "बायांनो, ह्या भाऊंना आत येऊ द्यायचं का?" बहुतेक जणी 'येऊ द्या' म्हणाल्या. खिडकीजवळची एक म्हातारी मात्र म्हणाली, "मी उघडीवाघडी पडलेली असते गं. मला लाज वाटती." तिचं खरं होतं. मी मागं फिरणार तेवढ्यात शांताबाईंनी उशाच्या पेटीतलं जुनं लुगडं काढलं. दुसरीनं साडी दिली. जिला उठता येत होतं तिनं कपडे वाळत घालायची दोरी तुझ्या कॉटभोवती ताणली आणि त्यावर ती लुगडी टाकली. हिरवं, जांभळं, एक विटकं लाल. झाला पडदा.

"या आता," शांताबाई म्हणाल्या. "तुमची बायको तुमाला दिसंल, आमी न्हाय दिसणार."

छबू, इतके दिवस नियम, नियम म्हणून जे अडून बसलं होतं, ते एवढ्यात सुटलं. हे आठवलं की मला त्या बायांचे पाय धरावेसे वाटतात, आणि लगेच राग चढतो. इतकं सोपं होतं ते.

मी तुला कुशीवर घेतलं, पट्टी काढली आणि पहिल्यांदा जखम बघितली. मूठ जाईल एवढी. कडा काळ्या पडलेल्या, आत पिवळं, आणि तळाला पांढरं काहीतरी. मला वाटलं कापूस राहिलाय. ते हाड होतं, हे नंतर सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

तुझं तोंड पलीकडं होतं. "केवढी हाय?"

"लिंबाएवढी."

"तुमचा हात थरथरालाय. लिंबाएवढीला हात थरथरत न्हाय."

संध्याकाळी साहेब आले. लुगड्यांकडं बघितलं. "हे योग्य नाही काका." मी काही बोलायच्या आत शांताबाई म्हणाल्या, "आमचीच लुगडी हायेत साहेब. आमाला वाटंल तिथं वाळत घालू." साहेब हसले आणि गेले. ते इतकं हसतात की त्यांच्याशी भांडण सुरूच करता येत नाही.

त्यानंतरचे थोडे दिवस आपले होते. लता मावशी मला जमेल तशी मदत करायची, एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. पाठीवर पडून पडून तुझ्या केसांचा मागं गोळा झाला होता, तो मी तेल लावून सोडवला. तुझी वेणी घातली. आयुष्यात पहिल्यांदा. वायर पिळतात तशीच घातली असणार, कारण तू हात मागं नेऊन चाचपलीस आणि म्हणालीस, "करंट येतोय का बघा ह्याच्यातनं." लुगड्यांपलीकडून चार बाया हसल्या. तूही हसलीस. हसताना जखम ताणली गेली असेल, तरी हसलीस.

ते हसणं मी कुणाला देणार नाही. छापायलाही द्यायचं मनात नव्हतं, पण लिहून गेलो.

मग ताप चढला. अंगात थंडी, बोलणं तुटक. मी या वेळी कुणाची परवानगी घेतली नाही. नळदुर्गातून गाडी बोलावली आणि तुला सोलापूरला नेलं. तिथं तरुण डॉक्टरांनी पट्टी उघडली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात? लवकर का नाही आणलं?"

मला विचारलं. सगळ्या जगात हा प्रश्न ज्याला विचारायचा, तो मी निघालो.

त्यांनी सडलेलं मांस काढलं. पण विष रक्तात गेलं होतं. शेवटचं काय म्हणाली, असं लोक मला विचारतात. काहीतरी मोठं सांगितलं असशील असं त्यांना वाटतं. तू म्हणालीस, "आता वळवू नका. दमलाव तुमी." मी ऐकलं नाही. तरी वळवलं. त्याच कुशीवर तू गेलीस.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मिलिंदनं आश्रमाच्या हॉलमध्येच ठेवला. साहेबांनीच सुचवलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, आणि साहेब बोलायला उभे राहिले. छबूबाईंची अखेरपर्यंत सेवा करण्याचं भाग्य संस्थेला लाभलं, म्हणाले. मिलिंदनं त्यांना शाल घातली. लता मावशी मागं भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडं कुणी बघितलं नाही. मग मिलिंद म्हणाला, "अण्णा, दोन शब्द बोला."

मी उठलो. म्हणालो, "माझी बायको म्हातारपणानं गेली न्हाय. खुब्याच्या हाडानं गेली न्हाय. तिच्या पाठीला मूठ जाईल एवढी जखम होती. ती झाली, कारण तिला कुशीवर वळवायला माणूस नव्हतं. आणि माणूस पलीकडच्या खोलीत बसलेलं होतं. त्याला परवानगी नव्हती."

कुणी खोकललं. कुणीतरी पंखा वाढवला.

"अण्णा," मिलिंद हळूच म्हणाला, "लोकांसमोर?"

"लोकांसमोरच. तिनं एवढे दिवस पाठीखाली झाकून ठेवलं."

नंतर साहेब माझ्याजवळ आले. शाल खांद्यावरच होती. "दुःखात माणूस बोलतो काका. आम्ही मनावर घेत नाही." मनावर घेत नाही! तेच तर माझं म्हणणं होतं.

खोलीत आल्यावर मिलिंदनं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "खरंच मूठ जाईल एवढी होती?" मी हाताची मूठ करून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती दोन्ही हातांत घेतली आणि लहानपणी रडायचा तसा रडला. मला त्याची कणव आली. राग गेला नाही, कणव आली. दोन्ही एकत्र राहतात, हे मला तुझ्यामुळं आता कळलंय.

दुसऱ्या दिवशी मला पुरुष विभागात हलवणार होते. जोडप्याची खोली एकट्याला मिळत नाही. मी पिशवी भरली आणि मिलिंदला म्हणालो, मला अणदूरला सोड.

"अण्णा, तिथं कोण आहे?"

"इथं कोण होतं?"

तो उठला. गाडी फाटकापाशी आणायला गेला. मी पिशवी घेऊन महिला विभागावरून निघालो तर दारात खुर्ची ओढून शांताबाई बसलेल्या. एवढ्या लांब त्या कशा आल्या कोण जाणे. माझ्या हातातली पिशवी त्यांनी बघितली.

"निघालाव का भाऊ?"

"व्हय."

त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाल्या, "बरं केलं. पण उद्या मी पडले तर मला कुशीवर कोण घेईल वो?"

छबू, मी तसाच पुढं निघालो. गाडीत येऊन बसलो. तू बरोबर असतीस तर मला तसं बसू दिलं नसतंस, दार उघडून खाली उतरवलं असतंस. मी म्हणालो असतो, तुझ्यासाठी करायला मला तिथं वेळेवर कुणी येऊ दिलं नाही, आता जगाचं मी का करू? तू काय म्हणाली असतीस? अणदूरला आल्यापासून मी तेच ऐकायचा प्रयत्न करतोय. तू काही बोलत नाहीस, आणि मला शांताबाईंचा आवाज ऐकू येत राहतो.